‘अजून कच्चा आहे’ हा निकाल कोणाच्या सोयीचा?

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा मोसम एप्रिलच्या सुरुवातीला संपतो आणि लगेच एक वाक्य कानावर येऊ लागतं : ‘पोरगा गुणी आहे, पण अजून तयार नाही. आणखी एक वर्ष कॉलेजात काढावं त्याने.’ एनबीएच्या ड्राफ्टसाठी नाव द्यावं की नाही, या विचारात असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूला हा सल्ला समालोचक देतात, माजी खेळाडू देतात, कॉलेजचे चाहते देतात. युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. शरीर भरू दे, खेळ पक्का होऊ दे, पदवी पदरात पडू दे. घाई केली तर जन्माचं नुकसान. वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभणारा सल्ला असल्यामुळे त्याची उलटतपासणी सहसा होत नाही. ती झाली पाहिजे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ‘तयार नाही’ हा निकाल बऱ्याचदा भलत्याच गोष्टी मोजून दिला जातो. तो देणाऱ्याला त्यासाठी दमडीही मोजावी लागत नाही. आणि ज्याच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर आणि पोटापाण्यावर त्याचा परिणाम होतो, त्याचं म्हणणं सगळ्यात शेवटी ऐकलं जातं.

आधी व्यवहार समजून घेऊ. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. मागच्या मोसमात खाली राहिलेल्या संघांना सोडतीने वरचे क्रमांक मिळतात. आपण कोणत्या संघात जावं, हे खेळाडूच्या हाती नसतं. दोन फेऱ्या होतात आणि त्यांत मिळून साठच्या आसपास नावं पुकारली जातात. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेला असतो आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. त्यामुळे वरच्या पाचांतून विसाच्या खाली घसरणं म्हणजे काही पटींनी कमी पगार, आणि पहिल्या फेरीतून दुसरीत घसरणं म्हणजे हमीच जाणं. ‘एक वर्ष थांब’ या तीन शब्दांवर इतकं काही टांगलेलं असतं.

या वादात मी साक्षीला घेतो 2009 सालचा स्टीफन करी. आज त्याचं नाव घेतलं की चार विजेतेपदं आणि दोनदा मिळालेला सर्वोत्तम खेळाडूचा मान आठवतो. पण 2009 च्या वसंतात तो नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजचा, तिसरं वर्ष संपवलेला, एकवीस वर्षांचा सडपातळ मुलगा होता. त्याने ड्राफ्टमध्ये नाव दिलं तेव्हा आक्षेपांची यादी तयारच होती : उंची 6 फूट 2 इंच, त्यात अंग हलकं, झेप आणि वेग बेताचा, हा खरा पॉइंट गार्ड नाही, नुसता नेमबाज आहे, छोट्या कॉलेजात, दुबळ्या संघांविरुद्ध गुण जमवले आहेत. एकेक आक्षेप घेऊन पाहू.

पहिला आक्षेप शरीराचा. ड्राफ्टच्या आधी निवडक खेळाडूंची मोजमापं घेतली जातात. उंची, वजन, फैलावलेल्या हातांचा पल्ला, उभ्या जागेवरून मारलेली उडी, छोट्या अंतराची धाव. हे आकडे खोटे नसतात आणि निरुपयोगीही नसतात. पण ते मोजायला सोपे असतात, म्हणून त्यांना नको तितकं वजन मिळतं. 2007 साली टेक्सास विद्यापीठाचा केव्हिन ड्युरँट या चाचण्यांत 185 पौंडांची, म्हणजे साधारण 84 किलोंची बार एकदाही उचलू शकला नाही. त्याची मोठी चर्चा झाली. त्याच ड्युरँटने त्या वर्षी कॉलेजच्या एकाच मोसमात सामन्यामागे 25.8 गुण आणि 11.1 रिबाउंड मिळवले होते, आणि पुढच्या मोसमात तो एनबीएचा सर्वोत्तम नवोदित ठरला. बार उचलता न येणं ही खरी गोष्ट होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. 6 फूट 9-10 इंच उंचीचा माणूस हात वर करून चेंडू सोडतो तेव्हा तो अडवायला छातीची ताकद नव्हे, तर उंची आणि वेळेचं भान लागतं. ते कोणत्या यंत्रावर मोजणार?

करीच्या बाबतीत हेच घडलं. त्याचं सगळ्यात मोठं बळ होतं चेंडू हातातून सुटण्याचा वेग. ते बळ जन्मजात नव्हतं. शाळेत असताना तो चेंडू कमरेपासून उचलून फेकत असे, कारण अंगात जोर कमी होता. त्याचे वडील डेल करी सोळा मोसम एनबीएत खेळलेले, स्वतः नामांकित नेमबाज. उंच बचावपटूंसमोर ही फेक चालणार नाही, हे त्यांना दिसलं. एका उन्हाळ्यात त्यांनी मुलाची अख्खी फेक मोडून नव्याने बसवली. चेंडू कपाळाच्या वर न्यायचा आणि तिथूनच, उडी वर जात असतानाच, सोडायचा. सुरुवातीला चेंडू रिंगपर्यंतही नीट पोचेना. आधी सहज जमणारी गोष्ट जमेनाशी झाली तेव्हा पोराला रडू कोसळलं. पण ती फेक बसली. जो मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी आपली हातखंडा गोष्ट मुळापासून मोडून पुन्हा उभारू शकतो, त्याच्या तयारीबद्दल त्या उन्हाळ्याने जे सांगितलं ते वजनकाट्याने कधीच सांगितलं नसतं.

दुसरा आक्षेप : पॉइंट गार्ड नाही. इथे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. करी 2008 सालीच ड्राफ्टमध्ये जाऊ शकला असता. त्या मार्चमध्ये दहाव्या मानांकनाच्या डेव्हिडसनने राष्ट्रीय स्पर्धेत गोन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन यांना ओळीने हरवलं होतं आणि देशभर त्याचं नाव झालं होतं. तरी तो थांबला, आणि थांबण्यामागे ठोस कारण होतं. त्याच्या संघाचा पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स पदवी घेऊन बाहेर पडत होता. ती जागा आपण चालवून पाहायची, चेंडू आणून खेळ रचायचा, हे त्याला शिकायचं होतं. ते त्याने केलं. 2008-09 मध्ये त्याने सामन्यामागे 28.6 गुणांनी सबंध देशात पहिला क्रमांक मिळवला आणि वर साडेपाचांहून जास्त असिस्ट दिले. तरीही 2009 मध्ये आक्षेप तोच राहिला : हा खरा पॉइंट गार्ड नाही. ज्या उणिवेसाठी ‘एक वर्ष थांब’ म्हटलं जातं, ती भरून काढण्यासाठी खेळाडू स्वतःहून वर्षभर थांबला, तरी निकालात काना-मात्रेचा बदल होत नाही. अशा निकालाला परीक्षण म्हणता येणार नाही. तो पूर्वग्रह आहे.

तिसरा आक्षेप छोट्या कॉलेजचा. त्याला उत्तर धावफलकावरच आहे. 2008 च्या त्या स्पर्धेत करीचे चार सामन्यांतले गुण 40, 30, 33 आणि 25. समोर कोणी लेचेपेचे नव्हते. जॉर्जटाउन दुसऱ्या मानांकनाचा संघ, विस्कॉन्सिन तिसऱ्या, आणि चौथ्या सामन्यात समोर होता कॅन्सस, जो पुढे त्या वर्षीचा विजेता ठरला आणि डेव्हिडसनविरुद्ध 59-57 असा, जेमतेम दोन गुणांनी सुटला. जॉर्जटाउनविरुद्ध तर डेव्हिडसन एके काळी 17 गुणांनी मागे होतं. पूर्वार्धात करीचे गुण होते फक्त 5. उत्तरार्धात त्याने 25 केले आणि सामना फिरवला. पुढच्या मोसमात ओक्लाहोमाविरुद्ध, म्हणजे त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळवणाऱ्या ब्लेक ग्रिफिनच्या संघाविरुद्ध, त्याने 44 गुण नोंदवले. मोठ्या संघांशी पडलेली गाठ हाच निकष असेल, तर तो त्याने पार केला होता.

पण मला त्याच्या तयारीचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो तो ज्या सामन्यात त्याने एकही गुण केला नाही तो सामना. नोव्हेंबर 2008, समोर मेरीलँडचं लोयोला कॉलेज. लोयोलाच्या प्रशिक्षकाने ठरवलं की काहीही झालं तरी करीला गुण करू द्यायचे नाहीत. सुरुवातीपासून दोन बचावपटू त्याला चिकटले. चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, ते हलेनात. देशात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू, वीस वर्षांचं वय, अहंकार डिवचला जाण्याचा क्षण. करीने काय केलं? तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोघे माझ्यापाशी थांबणार असतील, तर उरलेल्या मैदानात माझे चार सहकारी आणि त्यांचे तिघे, एवढा साधा हिशोब. सबंध सामन्यात त्याने रिंगवर फक्त तीनदा चेंडू टाकला, तिन्ही चुकले, गुण शून्य. डेव्हिडसन 78-48 असं जिंकलं. स्वतःचं शून्य पत्करून संघाला तीस गुणांनी जिंकून देणारा मुलगा व्यावसायिक बास्केटबॉलसाठी मनाने तयार नव्हता, असं कोणी म्हणू पाहील तर त्याने ‘तयार’ या शब्दाखाली नेमकं काय शोधलं होतं, ते आधी सांगावं. पुढे एनबीएत गोल्डन स्टेटचा अख्खा खेळ याच तत्त्वावर उभा राहिला : करीच्या धाकाने बचाव ताणला जातो आणि मोकळ्या जागेत इतर जण गुण करतात.

यावर एक वाजवी हरकत येईल. ‘आता निकाल माहीत आहे म्हणून बोलणं सोपं आहे. त्या वेळी कोणाला काय ठाऊक होतं?’ म्हणून वर जे पुरावे दिले ते मुद्दाम ड्राफ्टच्या आधीचेच दिले. ते सगळे 2009 च्या जूनमध्ये प्रत्येक संघाच्या टेबलावर होते. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला कनेटिकट विद्यापीठाचा हाशीम थबीत. टांझानियातून आलेला, 7 फूट 3 इंच उंचीचा, कष्टाळू मुलगा. करीइतकीच, तीन वर्षं कॉलेजात काढलेला. मोठं विद्यापीठ, मोठं शरीर. मोजपट्टीवर सगळं जागच्या जागी. पहिल्याच मोसमात मेम्फिसच्या संघाने त्याला खालच्या डी-लीगमध्ये खेळायला पाठवलं. यात थबीतला कमी लेखायचा हेतू नाही. दोष त्याचा नव्हताच. मुद्दा असा की एकाच ड्राफ्टमध्ये, तितकीच वर्षं कॉलेजात काढलेल्या दोन खेळाडूंपैकी एकाच्या शरीराला तयारी मानलं गेलं आणि दुसऱ्याच्या खेळाला मानलं गेलं नाही. मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते. दोन्ही त्यांनी पॉइंट गार्डवरच खर्च केले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन, आणि करीला सोडलं. सातव्यावर गोल्डन स्टेटने त्याला घेतलं. पहिल्या मोसमात तो 80 सामने खेळला, सामन्यामागे 17.5 गुण आणि 5.9 असिस्ट अशी कामगिरी केली आणि सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला. ‘खरा पॉइंट गार्ड नाही’ हा आक्षेप पहिल्याच वर्षी निकालात निघाला.

आता ‘एक वर्ष थांब’ या सल्ल्याच्या मुळाशी जाऊ. या सल्ल्यात गृहीत धरलेलं असतं की कॉलेजातलं वर्ष फुकट मिळतं आणि त्यातून फक्त फायदाच होतो. हे खरं नाही. जुलै 2021 पर्यंत कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर किंवा लोकप्रियतेवर एक डॉलरही कमावण्याची मुभा नव्हती. शिष्यवृत्ती मिळे, बाकी तिकिटं, दूरचित्रवाणीचे करार, जर्सीची विक्री, सगळ्याचा पैसा दुसऱ्यांकडे जाई. प्रशिक्षकाला करार, कॉलेजला महसूल, वाहिनीला प्रेक्षक. या प्रत्येकाचा फायदा खेळाडू थांबण्यात होता. मग त्यांच्यापैकी कोणी ‘थांब’ म्हटलं, तर तो निरपेक्ष सल्ला कसा मानायचा?

आणि धोका कोणाचा? केंटकीचा नर्लेन्स नोएल 2013 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा दावेदार मानला जात होता. फेब्रुवारीत फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तो सहाव्या क्रमांकावर घसरला आणि एनबीएतला त्याचा पहिला अख्खा मोसम बाहेर बसून गेला. ओहायो स्टेटच्या जॅरेड सलिंजरला 2011 साली पहिल्या वर्षानंतरच वरच्या क्रमांकांवर मागणी होती. तो कॉलेजात राहिला. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या पाठीबद्दल शंका काढली आणि 2012 मध्ये तो थेट 21 व्या क्रमांकावर गेला. त्याने ते वर्ष वाया घालवलं असं मी म्हणत नाही. त्याचा संघ त्या वर्षी अंतिम चारांत पोचला आणि त्यात त्याचा वाटा मोठा होता. पण त्या वर्षाचा आनंद सगळ्यांनी घेतला आणि त्याची किंमत एकट्याने भरली. फेब्रुवारी 2019 मध्ये ड्यूकचा झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध खेळत असताना त्याचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला, तेव्हा सबंध अमेरिकेच्या लक्षात आलं की हा मुलगा कोट्यवधी डॉलरचं भविष्य बिनपगारी पणाला लावतो आहे. तो सावरला आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पण त्या संध्याकाळी गुडघा आणखी थोडा वाकडा गेला असता, तर त्याची भरपाई करायला कोणताही सल्लागार पुढे आला नसता.

हा वाद आजचा नाही. एके काळी हा सल्ला नव्हता, नियम होता : शाळा संपल्यावर चार वर्षं होईपर्यंत एनबीएत प्रवेश नाही. स्पेन्सर हेवूडने त्याला आव्हान दिलं. मिसिसिपीत कापूस वेचून दहा मुलं वाढवणाऱ्या आईचा हा मुलगा. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेला सुवर्णपदक जिंकून दिलं होतं. त्यानंतर एबीए या प्रतिस्पर्धी व्यावसायिक लीगमध्ये तो एका मोसमात सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही. तरीही 1970 मध्ये सिअ‍ॅटलच्या संघाने त्याला करारबद्ध केलं तेव्हा एनबीएच्या नियमानुसार तो ‘पात्र’ नव्हता. एका व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्या लीगला अपात्र! प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1971 साली त्याला खेळत राहण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर लीगला नियम सैल करावा लागला. घरच्या गरिबीमुळे लवकर यावं लागणाऱ्यांना प्रवेश मिळू लागला आणि पुढे तीही अट गेली. हेवूडच्या बाबतीत ‘तयार नाही’ याचा अर्थ ‘आमच्या व्यवस्थेच्या वेळापत्रकात बसत नाही’ एवढाच होता. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2005 च्या करारात वयाची अट पुन्हा आली. 2006 पासून ड्राफ्टच्या वर्षात एकोणीस वर्षं पूर्ण आणि अमेरिकी खेळाडूला शाळा सुटून एक वर्ष, असं बंधन आहे. अठराव्या वर्षी शाळेतून थेट आलेला लेब्रॉन जेम्स तोवर सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवून दोन मोसम खेळला होता.

दुसरी बाजू कमकुवत करून मांडणं मला मान्य नाही, म्हणून तिचे सगळ्यात भक्कम दाखले इथेच घेतो. 2001 मध्ये शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला क्वामी ब्राउन अपेक्षांच्या जवळपासही पोचला नाही. उलट टिम डंकन वेक फॉरेस्टमध्ये पूर्ण चार वर्षं राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि 1997 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने पाच विजेतेपदं मिळवली. हे दाखले खरे आहेत. पण नीट पाहा. डंकन कोणी ‘कच्चा’ म्हटला म्हणून थांबला नाही. मुलं पदवीधर झाली पाहिजेत, ही लहानपणीच वारलेल्या आईची इच्छा होती आणि ती त्याने पाळली. मागणी असतानाही थांबण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. आणि ब्राउन? एकोणिसाव्या वर्षी तो ज्या संघात गेला, तिथे पहिल्या क्रमांकाच्या ओझ्याबरोबर मायकेल जॉर्डनसारख्या खेळाडूच्या पुनरागमनाचा झोतही त्याच्यावर होता. चुका करत शिकायला त्याला निवांत जागा मिळाली नाही. तो कच्चा होता हे मान्य. पण त्याला पिकू देण्याची जबाबदारी ज्यांनी घेतली होती, ते त्या परीक्षेत पास झाले का, हेही विचारलं पाहिजे.

आणि ज्यांनी सल्ला ऐकला, जे थांबले, त्यांचं काय झालं? व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन तीन वर्षं राहिला. तेवढ्यात त्याने पदवी पूर्ण केली, 2016 आणि 2018 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि 2018 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. याहून जास्त तयारी कोणती? त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तो 33 व्या क्रमांकावर, दुसऱ्या फेरीत गेला. कारण काय, तर उंची कमी, आणि एकवीस पूर्ण झाल्यामुळे ‘आता आणखी सुधारायला वाव नाही’. हाच ब्रन्सन पुढे न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार झाला आणि त्या संघाला 2025 मध्ये पंचवीस वर्षांनंतर प्रथमच पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत घेऊन गेला. एकोणिसाव्या वर्षी आलास तर कच्चा, एकविसाव्या वर्षी आलास तर पिकून गेलेला; मधल्या कुठल्या मुहूर्तावर यावं, ते कोणी सांगत नाही. इकडे आड तिकडे विहीर अशी अवस्था करून ठेवायची आणि वर खेळाडूलाच उतावळा म्हणायचं, यात न्याय नाही.

पदवीचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. कॉलेजात गेलेल्या खेळाडूंपैकी शंभरात जेमतेम एखादा एनबीएच्या ड्राफ्टपर्यंत पोचतो. बाकीच्यांसाठी शिक्षण हाच खरा आधार आहे. त्या बाकीच्यांना ‘शिक, पदवी घे’ असंच सांगायला हवं. पण ज्याला पहिल्या फेरीत मागणी आहे, त्याच्यापुढचा हिशोब वेगळा आहे. विद्यापीठ त्याला तिशीतही पुन्हा घेईल. एकविशीतली उडी तिशीत परत मिळत नाही. करीने अर्धवट राहिलेली पदवी 2022 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी पूर्ण केली. डेव्हिडसनने आपल्या पदवीधर खेळाडूंच्याच जर्सी निवृत्त करण्याचा नियम पाळला आणि त्याच वर्षी त्याची 30 क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त केली. कॉलेज थांबलं, करी परतला, दोघांचंही काही बिघडलं नाही.

तयारी घडते कुठे, याचंही उत्तर करीच्याच कारकिर्दीत आहे. कॉलेजातल्या पहिल्याच सामन्यात, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. तेरा! कुठल्याही प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅककिलॉप यांनी त्याला मैदानावर ठेवलं. पुढच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने 32 गुण केले. एनबीएत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात पुन्हा घडली. 2011-12 मध्ये घोट्याच्या दुखापतींमुळे तो जेमतेम 26 सामने खेळला. दोन वर्षांत दोन शस्त्रक्रिया झाल्या. ‘हे शरीर एनबीएला पेलणार नाही’ म्हणणारे पुन्हा बोलू लागले. गोल्डन स्टेटने मात्र त्या मार्चमध्ये आपला सर्वाधिक गुण करणारा माँटा एलिस दुसऱ्या संघाला देऊन संघाची सूत्रं करीकडे सोपवली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्याशी चार वर्षांचा 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. घोट्यावरचा भार कमी व्हावा म्हणून कंबर आणि मांड्यांची ताकद वाढवण्यावर मेहनत घेतली गेली. करारानंतरच्या त्या मोसमात त्याने तीन गुणांच्या 272 फेकी साधून तेव्हाचा विक्रम मोडला. त्याचं शरीर तयार झालं ते एनबीएत, एनबीएचे डॉक्टर आणि प्रशिक्षक हाताशी असताना, पगार घेत असताना. ते डेव्हिडसनमध्ये चौथ्या वर्षी बिनपगारी तयार झालं असतं, असं मानायला काहीही आधार नाही.

आणि आज जे चाललं आहे त्याने तर या वादातला शेवटचा पडदाही दूर केला आहे. 2021 पासून कॉलेज खेळाडूंना जाहिराती आणि प्रायोजकत्वातून कमाई करता येऊ लागली. 2025 पासून कॉलेजंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. परिणाम? मुदतीआधी ड्राफ्टमध्ये नाव देणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. खेळाडू अचानक जास्त कच्चे झाले का? अर्थातच नाही. थांबण्याचा मोबदला मिळू लागला, म्हणून ते थांबू लागले. म्हणजे इतकी वर्षं ज्याला ‘तयारी’चा प्रश्न म्हटलं जात होतं, तो मोठ्या अंशी मोबदल्याचा आणि जोखमीचा प्रश्न होता. घर चालवायची जबाबदारी असलेल्या मुलाला ‘घाई करू नकोस’ असं सांगणारे त्याच्या हातावर काही ठेवायला तयार नव्हते. आता ठेवतात, आणि मुलं आनंदाने थांबतात. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. उलट हाच न्याय्य सौदा आहे.

म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये कोणी एखाद्या खेळाडूला ‘अजून तयार नाहीस’ असं सांगेल, तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. एक, नेमकी कोणती उणीव, आणि ती कॉलेजात भरून निघेल पण एनबीएत निघणार नाही, असं का? दुसरी, त्या वर्षात गुडघा गेला, क्रमांक घसरला, घरी पैसे कमी पडले, तर त्यातला कोणता वाटा तू उचलणार आहेस? पहिल्याचं उत्तर देता येत असेल तर सल्ला ऐकण्याजोगा आहे. दुसऱ्याचं देता येत नसेल, तर निर्णय सल्लागाराचा नाही. तो खेळाडूचा आणि त्याच्या घरच्यांचा आहे. ते थांबले तरी त्यांचं बरोबर, गेले तरी बरोबर. करी 2008 मध्ये थांबला तेही बरोबर होतं आणि 2009 मध्ये गेला तेही. कारण दोन्ही वेळा काय शिकायचं बाकी आहे आणि ते कुठे शिकता येईल, हे त्याने स्वतः ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा जोखीम त्याचीच होती. ज्याची जोखीम, त्याचा निर्णय. बाकीच्यांनी आपलं मत जरूर द्यावं. निकाल देण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही.